मधल्या खोलीतलं चालणं

बाबा, मी आता तुमच्यासारखा चालतो. पाय फाकवून, जमीन चाचपत, वळताना एक हात आपोआप भिंतीकडे नेत. परवा दुपारी अंगणात उभा होतो, तर समोरच्या घरातली म्हातारी, तुम्हाला जिने पाहिलंय अशी आता गल्लीत ती एकटीच उरली आहे, फाटकावरून म्हणाली, "एकदम अपने बाबूजी पे गए हो, भैया." मी हसून मान हलवली. दुसरं काय करणार? तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली की तुमचा आवाज आठवायचा तर मला थोडं थांबावं लागतं. चाल मात्र लगेच डोळ्यांसमोर येते. मधल्या खोलीतल्या कपाटाला आरसा आहे, आणि त्याच्यासमोरून माझं दिवसातून बरेचदा जाणं होतं.

तुम्हाला जे झालं होतं त्याला नाव आहे. लांबलचक इंग्रजी नाव आहे, मला ते धड उच्चारता येत नाही, आणि जीभ जड होणं हा त्याच आजाराचा भाग आहे, म्हणजे आजाराने आपलं नाव घ्यायचीही सोय ठेवलेली नाही. डॉक्टरांनी साध्या भाषेत सांगितलं ते असं, की डोक्यात मागच्या बाजूला लहान मेंदू असतो, शरीराचा तोल तो सांभाळतो, आणि आपल्या घराण्यात तो चाळिशी-पन्नाशीपासून हळूहळू वाळत जातो. औषध नाही. बापाकडून किंवा आईकडून रक्तात येतो. मुलगी माझ्या शेजारीच बसली होती. तिच्याकडे न बघता डॉक्टर म्हणाले, "बच्चों में आधा-आधा चांस रहता है." मग माझ्याकडे वळून म्हणाले, चालत राहा, घरातच चाला पण रोज चाला, पाय वापरात राहिले तर चालणं जास्त काळ टिकेल. तेव्हापासून मी चालतोय. घरातल्या घरात, बिछान्यापासून मोरीपर्यंत, स्वयंपाकघरापासून अंगणाच्या दारापर्यंत. कुठे पोचायचं नाही, फक्त चालणं जाऊ द्यायचं नाही.

कळलं कसं, तेही सांगतो. एका संध्याकाळी आम्ही तिघं ग्वारीघाटला गेलो होतो. आपल्याला तिथल्या पूजेशी काही घेणं नसलं तरी नर्मदेच्या काठाशी बसायला सगळेच जातात. पायऱ्या उतरताना माझा पाय भलतीकडेच पडला आणि मी एका फुलवाल्याच्या टोपल्यांवर जाऊन आदळलो. झेंडू सगळीकडे. तो वैतागून ओरडला, "शाम से ही चढ़ा ली क्या, चाचा?" बाजूचे नाववाले हसले. बायको त्याच्याशी भांडायला उभी राहिली, मुलगी फुलं गोळा करू लागली, आणि मी तिथेच पायरीवर बसून राहिलो. फारसं लागलं नव्हतं. पण ते वाक्य माझ्या ओळखीचं होतं, बाबा. तुमच्या मागून, तुम्हाला ऐकू जाईल एवढ्या आवाजात, लोक तेच म्हणायचे. आणि तुम्ही तर दारूला न शिवण्याचं पाचवं शील दर रविवारी विहारात सगळ्यांकडून म्हणवून घेणारे, जन्मात थेंब न चाखलेले.

हे मी शपथेवर सांगू शकतो, कारण वास घ्यायचं काम माझ्याकडे होतं. फॅक्टरीचा भोंगा वाजला की क्वार्टरांच्या आमच्या ओळीत सायकलींचा लोंढा शिरायचा. आई स्टोव्हपाशी बसलेली असायची. ती मला हळूच म्हणायची, "जाय, बाबाजवळ जाय. वास येऊन राहिला का पाह्य." मी धावत जाऊन तुम्हाला बिलगायचो आणि नाक वर करायचो. दोन-चारदा तुम्ही चालवून घेतलं. मग एके दिवशी तुम्ही चौकट धरून खाली वाकलात, तुमचं तोंड माझ्या तोंडापाशी आणलंत आणि मोठ्ठा श्वास सोडलात. चहाचा वास, बिडीचा नाही, दारूचा नाही, आणि कपड्यांना मशीनच्या तेलाचा. "सांग आईले," एवढंच म्हणालात, आणि रागावलाही नाहीत. मी आत जाऊन सांगितलं की येत नाही. आई पीठ मळता मळता म्हणाली, "इलायची खाल्ली असन." तेव्हापासून तुम्ही रोज दारात थांबायचात, मी यायचो, तुम्ही वाकून श्वास सोडायचात. आपल्या घरात लोक हातपाय धुतात तसं ते झालं होतं. आई गेली तेव्हाही तिला खरं ठाऊक नव्हतं. शेवटच्या आजारातही ती नर्सबाईंना सांगत होती की माणूस सोन्यासारखा होता, एकच ऐब होता. मला अजून आजार झालेला नव्हता, म्हणून डोलण्याचं खरं कारण मलाही ठाऊक नव्हतं.

तुमच्या सायकलीचं मात्र मला आता पक्कं कळलंय. सगळे सायकलवर बसून यायचे आणि तुम्ही सायकल हातात धरून चालत यायचात. कोणी विचारलं तर म्हणायचात, "पंक्चर." पावसाळ्यात पंक्चर, हिवाळ्यात पंक्चर. फॅक्टरीतले लोक थट्टा करायचे की यांच्या वाटेवर कोणी खिळेच पेरून ठेवतो. मी एकदा मागचं चाक दाबून पाहिलं होतं, दगडासारखं टणक होतं. मला वाटलं, मोठ्यांच्या गोष्टी असतात काही. आता फिजिओथेरपीच्या बाईंनी मला चाकांचं वॉकर दाखवलं, दोन्ही हातांनी धरायचं आणि ढकलत चालायचं, तेव्हा मी त्या दवाखान्यात हसायलाच लागलो. बाई म्हणाल्या, "क्या हुआ अंकल?" काय सांगू त्यांना, की हे यंत्र आमच्या घरात फार पूर्वीपासून होतं, त्याला पुढे घंटी होती आणि मागे माझ्यासाठी कॅरिअर होतं. सीटवर डावा हात, हँडलवर उजवा, आणि मधे तुम्ही, ताठ. किती विचार करून शोधलं असेल तुम्ही ते. कोणाला न विचारता, एकट्याने.

आणि विहाराचं. कमिटीचे तिघं जण घरी आले होते, ओळीतलेच, फॅक्टरीतलेच. आईने चहा केला. त्यांनी फार आडवळणाने, फार आदराने सांगितलं की दादा, यापुढे वंदना दुसऱ्या कोणाला घेऊ द्यावी, तरुण पोरांवर परिणाम होते. मी दाराआड होतो. मला वाटलं आता तुम्ही उसळाल, कारण तुमचा राग सगळ्या ओळीला माहीत होता, नळावरच्या भांडणात तुम्ही नुसते बाहेर आलात तरी बाया बादल्या उचलायच्या. तुम्ही म्हणालात, "अच्छा. ठीक आहे." पुढच्या रविवारी तुम्ही पांढरा सदरा घालून गेलात आणि शेवटच्या रांगेत भिंतीला टेकून बसलात. भिंत हवी होती तुम्हाला, हे आता कळतं. ओळीतल्या लोकांना वाटलं, शरमेने मागे बसले. मला आजही त्या तिघांचा राग येतो, बाबा. ते वाईट लोक नव्हते, तरी येतो. दारू ओळखायला आपण इतके टपून बसलेले होतो की डोलणाऱ्या माणसात दुसरं काही असू शकेल हे एकाच्याही डोक्यात आलं नाही. आपल्या लोकांनी फार घरं त्या दारूने जाताना पाहिली होती, म्हणून असेल.

माझं नशीब त्या मानाने बरं. मला कागद आहे, नाव आहे, घरातल्या दोन बायका आहेत ज्या माझ्या तोंडाचा वास घेत नाहीत. तुम्ही रिटायर होऊन मदन महलला बांधलेलं हे घर आम्ही माझ्या चालण्यासाठी निम्मं खोलून पुन्हा लावलं. मोरीचा उंबरठा मिस्त्रीकडून फोडून घेतला. पायपुसणी गेली, सतरंजी गेली, आईची जुनी तिपाई गेली, जे जे पायात येईल ते गेलं. मधल्या खोलीत भिंतीला कमरेइतका उंच लोखंडी पाइप बसवला. घरात मी बूट घालतो, लेस बांधून, आणि आई असती तर तिने मला बुटांसकट बाहेर काढलं असतं. बाईंनी शिकवलेले नियम बायकोने पाठ केलेत. जागच्या जागी गरकन वळायचं नाही, ट्रक वळतो तसं मोठं वळण घ्यायचं. चालताना बोलायचं नाही. हातात कप घेऊन चालायचं नाही. खुर्चीतून हात न टेकता उठायचं, बसायचं, पुन्हा उठायचं. दमलं की थांबायचं, पण थांबलं की तिथेच राहायचं नाही. मी हे सगळं इमानाने करतो. शाळेत केली नाही एवढी मेहनत या वयात करतोय. शाळेत मेहनत केली की निदान वरच्या वर्गात तरी घालायचे.

कारण खरं हे आहे, बाबा, की चालणं जातंच आहे. मागच्या हिवाळ्यात मी पाइपाला हात न लावता खोली पार करायचो. होळीच्या सुमारास एक हात लागायला लागला. आता पाइप सोडायचा विचार आला तरी मूठ त्यावर आणखी घट्ट बसते. बायको म्हणते, केलं नसतं तर याच्याहून वाईट झालं असतं. डॉक्टरही तेच म्हणतात. असेल. पण न केलेला मी कुठे आहे, ज्याच्याशी ताडून बघू? मला दिसतो तो केलेला मी, आणि त्याचे पाय महिन्यामहिन्याने त्याचं कमी ऐकतात. कधी कधी इतकं असहाय वाटतं की चिडायलाही अंगात जोर राहत नाही. तुमचं अक्षर शेवटी शेवटी कसं पसरत गेलं होतं, आठवतं? हे पत्रही तसंच दिसतंय, अक्षरंसुद्धा पाय फाकवून चालली आहेत.

गेल्या आठवड्यात पडलो. पनागरच्या मटारचे दिवस आहेत, बायकोने टोपलीभर घेतले होते, आणि ती दारात कोणाशी तरी बोलत होती. मला वाटलं, सोललेल्या दाण्यांची थाळी ओट्यावर नेऊन ठेवावी. एवढीशी थाळी. हातात काही घ्यायचं नाही हा नियम मला ठाऊक होता, पण माणसाला आपल्याच घरात एक थाळी उचलून ठेवावीशी वाटू नये का? ओट्याशी पोचलो आणि थाळी ठेवायला सवयीने गरकन वळलो. खाली बसलेल्या अवस्थेत मला पहिली गोष्ट दिसली ती कपाटाखाली घरंगळत गेलेले दाणे. बायको धावत आली. ती ओरडेल असं वाटलं होतं. ती खाली माझ्याजवळ बसली आणि दाणे वेचत म्हणाली, "काहून उठले तुम्ही? मले आवाज द्यायचा ना." मग तिचे हात थांबले आणि ती रडायला लागली. मी तिच्या पाठीवर हात ठेवला. तिला उठवायला हवं होतं, पण आधी मलाच कोणीतरी उठवायला हवं होतं. आम्ही तसेच बसून राहिलो, शेवटी मुलगी आतल्या खोलीतून आली आणि तिने आम्हाला पाळीपाळीने उभं केलं.

मुलीबद्दल तुम्हाला सांगायचंच आहे. तुम्ही गेल्यावर झाली ती. आता नोकरी करते, घरूनच, लॅपटॉपवर. मराठी समजते सगळं, बोलताना मात्र हिंदीत घसरते. दवाखान्यातून परतताना ऑटोत ती म्हणाली, "चलो पापा, आधा तो अपना है." तिचं रक्त तपासता येतं. तिने नाही म्हणून सांगितलं. "समजून काय करू? तुमचा इलाज नाही तर माझा कुठून येणार?" बायकोने समजावलं, मी नाही समजावलं. मला तिचं म्हणणं पटलं म्हणून नव्हे. मला उत्तर ऐकायचं नव्हतं म्हणून.

आणि इथे मला तुम्हाला एक विचारायचंय. क्वार्टरच्या अंगणात सिमेंटच्या दोन लाद्यांमधली ती सरळ रेघ होती ना, नळापासून पेरूच्या झाडापर्यंत? मी तिसरी-चौथीत असेन. लंगडी खेळताना लागोपाठ पडलो. सगळीच पोरं पडतात. तुम्ही ओसरीवर बसला होतात. तुम्ही उठून आलात, पोरांना घरी पाठवलंत आणि मला त्या रेघेवर उभं केलंत. "सरळ चाल." मी चाललो. "पुन्हा चाल." आईने जेवायला हाक मारली तरी सोडलं नाहीत. एकदा माझा पाय रेघेबाहेर गेला तेव्हा तुम्ही असे ओरडलात की मी रडायलाच लागलो. तुम्ही मला कधी अभ्यासासाठी ओरडला नाहीत, खोटं बोललो तरी नाही, आणि एका रेघेसाठी ओरडलात. मग मला उचलून आत नेलंत आणि आपल्या ताटातलं जेवू घातलंत. मी तेव्हा समजलो की खेळात हरलो म्हणून शिक्षा झाली. गावाकडची आजी, तुमची आई, भिंत धरून चालायची आणि लोक म्हणायचे तिला बाहेरचं झालंय, हे तुम्हीच एकदा सांगितलं होतं. म्हणजे तुम्हाला ठाऊक होतं का, बाबा? नाव नसेल ठाऊक, पण वरून खाली येतं एवढं ठाऊक होतं का? मग इतकी वर्षं माझे पाय बघत तुम्ही कसे जगलात? मला कोणीतरी हे शिकवा. व्यायाम सगळे शिकवतात.

कारण आता मीही तेच करतो. मधल्या खोलीत मुलीने फरशीवर निळी चिकटपट्टी लावली आहे, या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत. एका पायाची टाच दुसऱ्या पायाच्या बोटांना लावत त्या पट्टीवरून जायचं, पाइपावर हात ठेवून. तोलासाठी हा सगळ्यात अवघड व्यायाम आहे. मी तिला म्हटलं, मला नुसतं सांगून जमत नाही, तू पुढे चालून दाखव. ती बिचारी रोज काम सुरू करण्याआधी माझ्यापुढे चालते, पाइप न धरता, दोन्ही हात पसरून. मधेच वळून मला म्हणते, "पापा, खाली काहून पाहून राहिले? सामने देखो ना." बाईंनीही तेच सांगितलंय, नजर समोर, पायांकडे नाही. मी हो म्हणतो आणि खालीच बघतो. माझ्या पायांकडे नाही बघत. बायकोला वाटतं, आजकाल माझं व्यायामात मन लागलंय.

हे घरात कोणाला सांगितलेलं नाही. तुम्हाला सांगतो, कारण तुमच्यापासून पुढे जाणार नाही, आणि कागद मी संध्याकाळी फाडून टाकणार आहे. आज सकाळी ती नेहमीसारखी पुढे चालत होती. ऊन खिडकीतून थेट फरशीवर आलं होतं, पट्टी लख्ख दिसत होती. खोलीच्या मध्यावर तिची टाच पट्टीबाहेर पडली आणि तिचा हात पटकन पाइपाकडे गेला. तेवढंच. कोणाचाही पडेल असा पाय. ती थांबली, मग मागे न वळता हसली आणि म्हणाली, "अरे, फरशी गीली आहे. मम्मीने पोछा मारला वाटते."

फरशी कोरडी होती, बाबा. मी म्हणालो, "हो बेटा, गीली आहे. आरामात चाल."